दोन धातूंचा सांधा

कल्हईवाल्याचें काम तुम्हीं पाहिलें असेल, निदान वडील मंडळींकडून ऐकलें तरी असेल. तो भांडें तापवितो, त्यावर नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवितो. नवसागरानें पृष्ठभाग स्वच्छ झाला नाहीं, तर कथील भांड्यास धरीत नाहीं. आजच्या विषयाचें अर्धें मर्म या साध्या कृतींत आहे.

संगणकाचा मुख्य भाग काम करतांना तापतो. ती उष्णता हवेंत सोडण्यासाठीं त्यावर धातूचा जो ठोकळा बसवितात, त्यास हीटसिंक म्हणतात. तांबें उष्णता उत्तम वाहून नेतें, परंतु तें जड व महाग आहे. ॲल्युमिनियम हलकें व स्वस्त. मात्र त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारें ६० टक्केच. म्हणून पुष्कळदां तळ तांब्याचा व वरचे पातळ पत्रे ॲल्युमिनियमचे करतात. दोहोंमध्यें हवेची फट राहिली, तर उष्णता तेथेंच अडते. म्हणून सांधा डाखानें भरतात. आतां डाख कोणता घ्यावा?

शुद्ध कथील २३२ अंश सेंटिग्रेडवर वितळतें. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें यांचा डाख १८३ अंशांवर वितळतो. ५८ भाग बिस्मथ व ४२ भाग कथील यांचा डाख १३८ अंशांवरच पातळ होतो. मौज ही कीं, बिस्मथ एकटें २७१ अंशांपर्यंत घट्ट राहतें!

कमी उष्णतेचा डाख पसंत करण्याचीं कारणें दोन. पहिलें असें : एका अंशास तांबें लांबीच्या सुमारें १७ दशलक्षांशांनीं वाढतें, तर ॲल्युमिनियम २३ दशलक्षांशांनीं. १० सेंटिमीटरचा सांधा २३२ अंशांवरून ३० अंशांवर आला, म्हणजे दोहोंच्या आकुंचनांत सुमारें ०.१२ मिलिमीटरचा फरक पडतो. १३८ अंशांवरून आल्यास सुमारें ०.०६५. जितका फरक अधिक, तितका सांध्यावर ताण अधिक. दुसरें कारण असें कीं, कित्येक हीटसिंकांत थोडें पाणी कोंडलेल्या बंद तांब्याच्या नळ्या असतात. १४० अंशांवर आंतील वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारें साडेतीन पट होतो. २३० अंशांवर तो २८ पटींच्या घरांत जातो व नळी फुटण्याचें भय असतें.

परंतु केवळ डाख निवडून भागत नाहीं. ॲल्युमिनियमवर हवेंत तत्काळ एक चिवट पापुद्रा धरतो. तो २००० अंशांवरही वितळत नाहीं व साध्या राळेनें निघत नाहीं. म्हणून ॲल्युमिनियमवर आधीं निकेलचा मुलामा देतात. निकेलास डाख चांगला धरतो.

आतां एक इशारा. जुन्या सांध्यावरील शिशाचा डाख खरवडून न काढतां त्यावर बिस्मथचा डाख दिला, तर बिस्मथ, शिसें व कथील यांचें असें मिश्रण होऊं शकतें कीं, तें सुमारें ९६ अंशांवरच वितळूं लागतें. सांधा वरून चकचकीत दिसतो, पण यंत्र फार तापलें कीं ऐन वेळीं दगा देतो. शिवाय बिस्मथचा डाख ठिसूळ असतो; म्हणून ठोकळ्याचा भार स्क्रूंवर ठेवावा, डाखावर नव्हे.

सारांश, डाख असा असावा कीं जो यंत्राच्या नित्याच्या उष्णतेंत टिकेल आणि जोडतांना कोणत्याही भागास इजा करणार नाहीं. या दोन मर्यादा आधीं कागदावर मांडाव्या. अग्नि मागाहून पेटवावा, आणि तोही शिक्षकांच्या देखत.