एकतिसाव्या क्रमांकाचा बंब

प्रश्न : मी सांगलीचा, वय २३. थ्रीडी अ‍ॅनिमेशनचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे. व्हिडिओ गेममध्ये आर्टिस्ट व्हायचं आहे. आर्टस्टेशन या पोर्टफोलिओच्या वेबसाइटवर चाळीस कामं टाकली आहेत. सात महिने पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांना लिंक पाठवतोय, कुठूनच उत्तर नाही. घरचे म्हणतात, ओळख लागते. खरंच ओळख लागते, की माझ्या पानातच काही चुकतंय?

उत्तर : पानात चुकतंय, आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे. तुमची चाळीसही कामं मी पाहिली. शेवटपर्यंत गेलो म्हणूनच एकतिसाव्या क्रमांकावरचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब मला सापडला. अर्ज चाळणारा माणूस तिथवर पोचत नाही. त्याच्यासमोर एकेका जागेसाठी लिंकांचा ढीग असतो. पहिल्या पाच-सहा चित्रांत हवं ते दिसलं नाही की तो पुढच्या लिंककडे वळतो. तुमची पहिली सहा चित्रं कोणती? एक डोनट, एका दुकानाचा लोगो, दोन पेन्सिल स्केचेस, एक तलवार आणि अर्धवट राहिलेली गाडी. डोनट तर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकणाऱ्या जगभरच्या मुलांनी अँड्र्यू प्राइसच्या त्याच शिकवणीच्या व्हिडिओवरून केलेला असतो. हात बसायला तो उत्तम. पण नोकरी देणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की तुम्ही कधीतरी शिकायला सुरुवात केली होती.

तेव्हा आधी काढून टाका. चाळीसातली पस्तीस. जीव तुटेल, कारण प्रत्येक कामामागे रात्री गेलेल्या असतात. पण पाहणारा तुमची पातळी तुमच्या सगळ्यात कच्च्या कामावरून ठरवतो. ते काम कच्चं आहे हे या मुलाला कळत नसेल, तर उद्या आमच्या टीममध्येही असंच काम ‘झालं’ म्हणून सोपवेल, असा तो विचार करतो. त्याचं काही चुकतही नाही.

मग ठरवा, अर्ज कशासाठी करायचा. ‘गेम आर्टिस्ट’ अशी जागा मोठ्या स्टुडिओत जवळपास नसतेच. कॅरेक्टर आर्टिस्ट माणसं आणि प्राणी घडवतो, एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट जागा उभ्या करतो, प्रॉप आर्टिस्ट वस्तू. यूआय, इफेक्ट्स, अ‍ॅनिमेशन ही वेगळी खाती. लहान स्टुडिओत एकाला तीन कामं करावी लागतात हे खरं, पण तिथेही निवड एका कामातल्या पकडीवरच होते. तुमची पकड वस्तूंवर आहे. पानाच्या माथ्यावर नावाखाली ‘प्रॉप आर्टिस्ट’ लिहा. बाकी सगळं त्या दोन शब्दांना धरून असू द्या.

आता बंबाकडे. तो पाहून मला आनंद झाला, कारण तो तुम्ही पाहिलेला आहे. तोटीशी हात लागून लागून तांबं उजळलंय, बुडाशी काजळी आहे, डाग दिलेल्या सांध्याच्या कडेने हिरवट गंज धरलाय. चिंच-मीठ लावून बंब घासणारा हात जिथवर पोचतो तिथवरच चकाकी आहे, कडीच्या मागे नाही. हे कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळत नाही. पण हे सगळं तुम्ही एकाच चित्रात, समोरून आणि मागे लाल सूर्यास्त लावून दाखवलंय. सूर्यास्त काढा. करडी पार्श्वभूमी, साधा प्रकाश आणि बंब पुरेसा आहे.

पुढचं जरा बारकाईने वाचा. गेममधलं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचं असतं, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. सिनेमातल्या एका फ्रेमला तासन्‌तास देता येतात, इथे नाही. म्हणून गेमसाठी आधी भरपूर तपशिलाचं मॉडेल घडवतात, मग त्याच आकाराचं हलकं मॉडेल करतात आणि जड मॉडेलचा तपशील नॉर्मल मॅप म्हणून हलक्यावर ‘बेक’ करतात. तुम्हाला हे जमतं का, हेच पाहणाऱ्याला तपासायचं असतं, आणि तुमच्या सुंदर चित्रातून नेमकं तेच कळत नाही. म्हणून पूर्ण रूपाशेजारी वायरफ्रेम ठेवा, टेक्स्चर मॅप वेगवेगळे ठेवा. त्रिकोण किती, टेक्स्चर १०२४ चं की २०४८ चं, आणि कोणती सॉफ्टवेअर वापरली, हे एका ओळीत लिहा. शक्य असेल तर मॉडेल फिरवून बघता येईल अशी सोय करा. मार्मोसेट व्ह्यूअर किंवा स्केचफॅबवर ती होते. फिरवून दाखवायची तयारी दिसली की पाहणाऱ्याचा विश्वास बसतो.

तुमच्या बंबात मला दोन चुका दिसल्या, दोन्ही वारंवार होणाऱ्या. कडेच्या रिव्हेट बाहेर आलेल्या दिसायला हव्यात, त्या आत दबलेल्या दिसतात. नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल उलटा पडलाय. ब्लेंडर आणि युनिटी ओपनजीएलची पद्धत मानतात, अनरिअल डायरेक्टएक्सची, आणि एकीकडून दुसरीकडे नेताना तो चॅनल उलटवावा लागतो. दुसरी चूक काजळीची. ती तांब्यासारखी चमकते आहे, कारण मेटॅलिक मॅपमध्ये अख्खा बंब धातू म्हणून पांढरा ठेवलाय. तांबं धातू आहे, पण त्यावरची काजळी, राख आणि हिरवा गंज धातू नव्हेत. तेवढे भाग मॅपमध्ये काळे करा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि ज्याला यातलं कळतं त्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

बंबाच्या जोडीला आणखी चार वस्तू लागतील, आणि त्या शोधायला दूर जायची गरज नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम चालतं. ठोक्यांनी उठलेले ते बारीक खड्डे तांब्यावर कसे पडतात, प्रकाश प्रत्येक खड्ड्यात कसा तुटतो, हे एक दिवस बसून पाहा आणि कारागिरांना विचारून फोटो काढा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला, त्यात पहाडी शैलीतल्या हाताने रंगवलेल्या टेक्स्चरांची थ्रीडीशी सांगड घातली आहे. इथल्या वस्तू आणि इथली चित्रकला जगातल्या खेळाडूंपुढे जाऊ शकते, याचा पुरावा आपल्याकडे आहे. लेझर गन आणि ड्रॅगन हजारो पानांवर सापडतील. बंब तुमच्याच पानावर आहे.

मात्र अर्ज ज्या स्टुडिओला करायचा त्याचे गेम आधी खेळा. एखादी कंपनी फोनसाठी गोलमटोल, कार्टून धाटणीचं काम करत असेल तर काजळीचा बंब तिच्या उपयोगाचा नाही. तिच्यासाठी तोच बंब साध्या आकारात, चार रंगांत रंगवून दाखवा. एकच वस्तू दोन शैलींत पाहिली तर माणसाला तुमचा आवाका कळतो.

काही लहान गोष्टी. ई-मेल पहिल्याच नजरेला सापडू द्या. ड्राइव्हची लिंक देऊन ‘परवानगी मागा’ असं दार लावू नका, कोणी मागत बसत नाही. पान फोनवर उघडून बघा. दुसऱ्याच्या कन्सेप्टवरून मॉडेल केलं असेल तर त्याचं नाव लिहा, आणि गटात केलं असेल तर त्यातलं आपलं नेमकं काय हे सांगा.

ओळखीबद्दल म्हणाल, तर ओळखीने लिंक उघडली जाते, काम मात्र पानावरचंच पाहिलं जातं.

प्रश्न : स्वतःची वेबसाइट करावी का? की आर्टस्टेशन पुरेसं आहे?

उत्तर : सुरुवातीला पुरेसं आहे. या व्यवसायातली माणसं तिथेच शोधतात आणि साधं खातं फुकट मिळतं. पण ती जागा आपल्या मालकीची नाही. २०२१ साली एपिक गेम्सने आर्टस्टेशन विकत घेतलं, त्याच वर्षी स्केचफॅबही. मालक बदलले की नियम बदलू शकतात. म्हणून मूळ फाइली आणि मोठ्या मापाची चित्रं स्वतःच्या डिस्कवर दोन ठिकाणी ठेवा. पुढे पगार सुरू झाला की स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या.

प्रश्न : एआयने केलेली चित्रं पोर्टफोलिओत टाकली तर चालतील का?

उत्तर : नाही. डिसेंबर २०२२ मध्ये याच प्रश्नावर कलाकारांनी आर्टस्टेशनवर एआयविरोधी निषेधाची चित्रं लावून पानं भरून टाकली होती. त्या जखमा अजून ओल्या आहेत. पण माझा नकार त्यापेक्षा साध्या कारणासाठी आहे. मुलाखतीत कोणी विचारलं, ‘ही काजळी इथेच का?’ तर उत्तर तुमच्याकडे हवं. बंबाच्या बाबतीत ते तुमच्याकडे आहे, कारण तो बंब रोज सकाळी पेटताना तुम्ही पाहिला आहे.

सांगलीच्या मित्रा, रिव्हेट आणि काजळी दुरुस्त झाली, बंब पहिल्या क्रमांकावर आला, की लिंक मला पुन्हा पाठवा. मी पाहीन आणि लेखी कळवीन.