नगर-अधिकारी आणि इतिवृत्तकार : जोव्हान्नी व्हिलानी



इतिवृत्त वाचताना त्यातील घटनांइतकेच लेखकाच्या स्थानाकडेही लक्ष द्यावे लागते. लेखकाला कोणती माहिती कोठून मिळाली, हे कळल्यावाचून त्याच्या विधानांवर कितपत विसंबावे हे ठरविता येत नाही. इटलीतील फ्लॉरेन्स नगराचा इतिवृत्तकार जोव्हान्नी व्हिलानी (मृत्यू १३४८) याच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

१. जीवन

व्हिलानी हा सावकारी पेढ्यांशी संबंधित व्यापारी होता. १३१६, १३१७ व १३२१ मध्ये तो नगराच्या सर्वोच्च शासकमंडळाचा सदस्य होता. टाकसाळीचा कारभार आणि पुढे तटबंदीच्या बांधकामाची देखरेखही त्याच्याकडे आली. आपले ‘नवे इतिवृत्त’ त्याने विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता फ्लॉरेन्सच्या लोकभाषेत लिहिले.

२. नोंदीची शिस्त

कारभाराची सवय त्याच्या लेखनात उतरली आहे. नगरात बाप्तिस्मा होताना धर्मगुरू मुलासाठी काळा व मुलीसाठी पांढरा कडधान्याचा दाणा वेगळा ठेवीत. त्यावरून वर्षाला ५,५०० ते ६,००० बालकांचा बाप्तिस्मा होतो, असे तो नमूद करतो. वाचन शिकणारी मुले ८,००० ते १०,०००, तर सहा शाळांतून हिशेब शिकणारी १,००० ते १,२०० असल्याचे तो सांगतो. पहिल्या आकड्यामागील मोजणीची रीत आपल्याला कळते. शाळकरी मुलांच्या आकड्याबाबत मात्र तशी रीत दिलेली नाही. म्हणून दोन्ही आकडे सारख्याच विश्वासाने स्वीकारता येत नाहीत.

३. मर्यादा

१३३३ च्या महापुराची कारणे देताना तो ग्रहयोग आणि ईश्वरी कोप या दोहोंचा विचार करतो. ही त्या काळाची दृष्टी होय. सावकारी पेढ्यांच्या दिवाळखोरीविषयीचे त्याचे लेखन अधिक सावधपणे वाचावे लागते. कारण अशाच एका पेढीच्या दिवाळखोरीमुळे १३४६ मध्ये त्याला तुरुंगवास भोगावा लागला होता. येथे साक्षीदार स्वतःच प्रकरणात गुंतलेला आहे.

१३४८ च्या प्लेगचा वृत्तांत लिहिताना साथ केव्हा संपली, त्या तारखेसाठी त्याने जागा मोकळी सोडली. ती भरण्यापूर्वीच त्याच साथीने त्याचा अंत झाला. पुढील लेखन त्याचा भाऊ मात्तेओ याने चालविले.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. व्हिलानीच्या लेखनातील मोजणी आणि कारणमीमांसा यांतील फरक स्पष्ट करा.
२. आपण अभ्यासलेल्या एखाद्या बखरीचा लेखक वर्णिलेल्या घटनांशी कितपत संबंधित होता, ते तपासा.