जुन्या मोटारीचे डोळे

नवी दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. तिचे नाव वाचताच मराठी माणसाला झाशीची राणी आठवते. समजा, येथे राहणाऱ्या एका कर्मचाऱ्याने वडिलांची पन्नाशी उलटलेली प्रीमियर पद्मिनी जपून ठेवली आहे. या मोटारीची मूळ घडण इटलीतील फियाट कंपनीची. पण ती तयार होई मुंबईत, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने कित्येक दशके प्रवासी वाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी तेथून निवृत्त झाली.

आता या मालकाला गाडीचा चेहरा बदलावासा वाटतो. मायापुरीच्या भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या एखाद्या गाडीचे चौकोनी दिवे आणावेत, पुढचा पत्रा कापावा आणि ते बसवावेत, असा त्याचा बेत आहे. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु मोटारीचा दिवा हा दागिना नव्हे.

दिव्यातील बल्ब केवळ प्रकाश देतो. त्या प्रकाशाला वळण लावतात ती मागची चकचकीत वाटी, म्हणजे परावर्तक, आणि काही दिव्यांत पुढच्या काचेवरील उभ्या-आडव्या रेषा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालवतो. म्हणून आपल्याकडील आधुनिक दिव्याचा खालचा झोत डावीकडे थोडा वर चढतो. त्यामुळे पादचारी व रस्त्याची कड दिसते; उजवीकडे तो खालीच राहतो, कारण तिकडून समोरचा चालक येत असतो. उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशातील दिवा येथे बसवला, तर हे सारे उलटे होते आणि प्रकाश नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दोष दिव्याचा नसतो, पण अंधारलेल्या रस्त्यावर क्षणभर दिपलेले डोळे एखाद्याचा जीव घेऊ शकतात.

हे बाजारातच ओळखता येते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार केवळ डावीकडच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या दिव्याच्या काचेवर एक बाण असतो. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यास तो आपल्या उजवीकडे रोखलेला दिसतो. परावर्तकाचा मुलामा उडालेला असेल, आत पाण्याचे डाग असतील किंवा प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल, तर दिवा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

वीजवाहक तारांचाही विचार हवा. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. जुन्या गाडीत हा सगळा भार बटणातून जात असेल, तर बटण तापते. अशा वेळी रिले व फ्यूज बसवून प्रवाह बॅटरीतून थेट दिव्यांकडे न्यावा.

राहिला पत्र्याचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. दिल्ली परिसरात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली. पुढे त्या आदेशात फेरफार झाले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणीची वाट खुली केली. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शनास वा फेरीस नेता येते. मात्र ती मूळ रूपात हवी. सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत बदल चालत नाही. म्हणजे ज्या करवतीने मडगार्ड कापायचे, तिनेच ही वाटही कापली जाते. कापलेला पत्रा पुन्हा जोडता येतो, पण मूळपणा परत येत नाही. त्यापेक्षा जुन्या वाटोळ्या खाचेचे माप घ्यावे आणि त्याच मापाचा, चांगल्या स्थितीतील वाटोळा दिवा शोधावा. जीप व ॲम्बॅसडर यांसारख्या अनेक गाड्यांत ७ इंची दिवे असत, त्यामुळे असा शोध सहसा वाया जात नाही.

दिवा बसवल्यावर सपाट जमिनीवर, भिंतीपासून ८ मीटर अंतरावर गाडी उभी करा. भिंतीवर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खडूने आडवी रेघ ओढा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी समोरच्या माणसाच्या डोळ्यांसाठी हेच अंतर व हीच उंची धरली आहे. खालचा झोत लावा. प्रकाशाची वरची कड रेघेच्या बरीच खाली राहायला हवी. ती वर चढत असेल, तर दिव्याच्या कडेचा स्क्रू फिरवून झोत खाली आणा आणि पुन्हा भिंतीकडे पाहा.