कापसाचं हिम आणि डब्यावरचं हिंव

डिसेंबर लागला की गोव्यातल्या शाळांच्या भिंती पांढऱ्या होऊ लागतात. कापसाचे बोळे, थर्माकोलचे मणी, चमकी. बाहेर दुपारी पारा तिशीच्या वर आणि आत वर्गात हिम पडतंय! मला त्याची गंमतच वाटते. फक्त एवढा खटाटोप करायचाच, तर हिम नेमकं असतं कसं हेही मुलांच्या हाताला कळावं.

आम्ही वाङ्मय मंडळातले काही जण शनिवारी जवळच्या प्राथमिक शाळेत गोष्टी सांगायला जातो. तिथं चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, आमचा हिवाळा खोटा काय?" तिच्या चित्राच्या वहीत हिवाळा म्हणजे गाजराचं नाक लावलेला बर्फाचा माणूस. घरी मात्र पंखा चालू!

उत्तर तिच्या प्रश्नातल्या शब्दातच होतं. संस्कृतातल्या 'हिम'चं मराठीत 'हिंव' झालं आणि 'हिमकाल' झिजत झिजत 'हिवाळा' झाला. हिवतापातलं हिंवही तेच, हुडहुडी भरवणारं. म्हणजे हिम न पाहिलेला माणूसही ते रोज बोलतो. 'बर्फ' हा शब्द फारसीतून आला. मासळीच्या पेटीतली लादी आणि आकाशातून भुरभुरणारं हिम, दोन्हींना आपण तोच लावतो, म्हणून घोटाळा होतो. लादी पाणी गोठून होते. हिमाचा स्फटिक ढगात वाफेवर वाढतो. वाफ पाणी न होता थेट त्याच्यावर गोठत जाते.

पाण्याचे रेणू गोठताना षटकोनात बसतात, त्यामुळे हिमाच्या फुलाला सहा पाकळ्या. या सहाच का, यावर केप्लरनं १६११ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्यानं १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमाच्या एका स्फटिकाचा फोटो घेतला, आणि पुढं आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त फोटो काढले. मुलांना केप्लरपेक्षा बेंटली आवडतो. थंडीत कुडकुडत, श्वास रोखून फोटो काढणारा शेतकरी त्यांना आपला वाटतो.

आता कात्री. पतंगाचा कागद घ्या, नाहीतर जुन्या वहीचं पान. वाटी ठेवून गोल कापा आणि अर्धा दुमडा. या अर्ध्या गोलाच्या सारख्या तीन घड्या घाला. खरी मेख इथं आहे. बहुतेक जण सवयीनं पुन्हा अर्धा, मग पुन्हा अर्धा दुमडतात आणि आठ पाकळ्यांचं फूल निघतं. दिसतं सुंदर, पण तसं हिम कुठल्याच ढगात नाही. तीन घड्या झाल्यावर तो त्रिकोण मधोमध एकदा दुमडा, कडांना हव्या तशा खाचा द्या आणि हलक्या हातानं उलगडा. उलगडतानाचा मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हाताला गारवा हवा असेल तर एका वाटीत खाण्याचा सोडा घेऊन त्यात चमचा चमचा पाणी घाला. मुठीत दाबल्यावर गोळा बसला की थांबा. त्यावर लिंबू पिळलं की तो फसफसतो आणि चक्क गार पडतो. हात डोळ्यांना लावू देऊ नका. थर्माकोलचे मणी मात्र मी आणू देत नाही. वाऱ्यानं उडून ते शेतात, तिथून नदीत जातात, आणि हे हिम वितळत नाही.

सगळ्यात शेवटी डबा. स्टीलचा डबा बाहेरून कोरडा पुसा. आत तीन वाट्या ठेचलेला बर्फ आणि एक वाटी जाडं मीठ घालून लाकडी चमच्यानं ढवळा. जुन्या आईस्क्रीमच्या पॉटमध्ये हीच युक्ती असते. मिठामुळं बर्फ वितळत जातो आणि तापमान शून्याखाली उतरतं. आतलं मिश्रण मुलांना हातात धरू देऊ नये, कातडीला इजा होते. थोड्या वेळात डब्यावर दव धरतं, मग पांढरा, खरखरीत थर. आपली दमट हवा इथं कामाला येते. हा कापूस नव्हे, सोडा नव्हे. वर्गातल्या हवेतलीच वाफ गोठलेली. त्या मुलीनं नखानं थोडा थर खरवडला, बोटावर घेतला आणि शेजारणीला दाखवेपर्यंत त्याचं पाणी झालं. मग दोघींनी पुन्हा डब्याला बोट लावलं.