महसीर पाण्याजवळच, फोटो झकास

प्रश्न : महसीर पकडून परत सोडतो; पण फोटो धड येत नाहीत. काय करावे?

उत्तर : फोटो बिघडतो घाईने. मासा जाळीत, पाण्यातच राहू द्यावा. तोवर सोबत्याने ऊन पाठीशी घेऊन, माशाच्या डोळ्याच्या उंचीवर बसून कॅमेरा तयार ठेवावा.

मग ओल्या हातांनी मासा उचलावा : एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली. कल्ल्यांना बोट लागता कामा नये! पाणी निथळतानाच सलग चार-पाच फोटो घेऊन मासा लगेच पाण्यात सोडावा. खवले उन्हात चकाकून पांढरे पडत असतील, तर अंग किंचित कलते धरावे. म्हणजे सोनेरी रंग फोटोत उतरतो.

मासा हवेत कमीत कमी वेळ राहावा, कारण कॅनडातल्या संशोधकांच्या १९९२च्या प्रयोगात दमवून मिनिटभर हवेत धरलेल्या रेनबो ट्राउटपैकी ७२ टक्के मेले. ३० सेकंदवाल्यांतले ३८.

कावेरीचा कुबडवाला महसीर तर अतिसंकटग्रस्त. तो चुकून लागलाच, तर उचलूच नये.