छायाचित्रांसाठी पेन ड्राइव्हची निवड

पूर ओसरल्यानंतर नुकसानीचे छायाचित्र पुन्हा घेता येत नाही. म्हणूनच पूर्णा खोऱ्यातील अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या गावांत पंचनाम्याची अथवा शेततळ्याच्या कामाची छायाचित्रे जपणे अगत्याचे आहे. मेळघाटातील धारणी, चिखलदरा या डोंगराळ तालुक्यांतून ती जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्यास पेन ड्राइव्ह सोयीचा ठरतो.

एक छायाचित्र सरासरी ४ एमबीचे धरल्यास ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सुमारे ७,००० छायाचित्रे मावतात. ग्रामपंचायतीस वा शाळेस एवढी क्षमता सामान्यतः पुरेशी आहे. अवाजवी स्वस्त पेन ड्राइव्हवर छापलेली क्षमता खोटी असू शकते. म्हणून तो प्रथम पूर्ण भरून छायाचित्रे उघडतात की नाही हे पाहावे. यूएसबी ३.० प्रकारात प्रती जलद निघतात. मात्र संगणकाचा पोर्टही त्याच प्रकारचा हवा. टाइप-सी जोड असल्यास तो बहुतेक नव्या मोबाइलनाही लावता येतो.

तथापि पेन ड्राइव्ह हे वाहन आहे, कोठार नव्हे. तो हरवतो, बिघडतो व एका संगणकाचा व्हायरस दुसऱ्यात नेतो. यास्तव एक प्रत कार्यालयीन संगणकावर व दुसरी स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवावी. फोल्डरला गाव, काम व दिनांक यांचे नाव द्यावे. नंतर येणाऱ्या अधिकाऱ्यासही मग हा पुरावा सहज सापडेल.