पाण्यावरचा हिरवा बहर

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे जसे अरण्यांसाठी, तसेच तलावांसाठीही प्रसिद्ध आहेत. गोंड राजांच्या काळात पूर्व विदर्भातील कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार पारखला आणि मातीच्या भक्कम पाळी घालून ठिकठिकाणी पाणी अडविले. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि 'माजी मालगुजारी तलाव' हे लांबलचक नाव आखडून लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. नावाप्रमाणेच हा मामा प्रेमळ आहे. तो धानाला पाणी देतो, ढिवरांना मासळी देतो आणि गुरावासरांची तहान भागवितो.

परंतु कधीकधी या मामाची प्रकृती बिघडते. उन्हाळ्यात पाणी आटत जाते. ऊन कडक, वारा पडलेला, पाणी स्थिर. अशा वेळी एके दिवशी पाणी हिरवेगार दिसू लागते. काठाशी हिरव्या रंगाची दाट साय जमते आणि कुजकट वास सुटतो. पाहणारा 'शेवाळ धरले' एवढेच म्हणतो आणि पुढे जातो. मात्र ही साय साधी नसण्याचाही संभव असतो.

पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. त्यांपैकी एका वर्गास नीलहरित शेवाळ म्हणतात. वस्तुतः हे जीवाणूच होत. पण वनस्पतींप्रमाणे ते सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करतात. त्यांना सरसकट दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायूचा साठा प्रथम त्यांच्याच पूर्वजांनी केला. त्यांच्यातील काही जाती हवेतील नत्र धानाच्या बांधीत आणून पिकाचे पोषण करतात. अडचण उद्भवते ती त्यांच्या बेसुमार वाढीमुळे. शेतातील खत पावसाबरोबर तलावात उतरते. गावाचे सांडपाणी, शेणमूत आणि कपड्यांचा साबणही तेथेच येतो. त्यांतील नत्र आणि स्फुरद ही या जीवांची मेजवानीच होय. अन्न मुबलक आणि पाणी उबदार असले, की थोड्याच दिवसांत त्यांची संख्या अफाट होते. या वाढीलाच शेवाळाचा बहर म्हणतात.

बहराचे दुष्परिणाम दोन प्रकारचे असतात. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेही श्वसनासाठी प्राणवायू वापरते. मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. मग पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि गुदमरून मरतात. दुसरा परिणाम याहून भयंकर आहे. नीलहरित शेवाळाच्या काही जाती विष निर्माण करतात. काही विषे यकृताचा नाश करतात, तर काही मज्जातंतूंवर आघात करतात.

ही गोष्ट शास्त्रीय जगासमोर प्रथम मांडली ती जॉर्ज फ्रान्सिस या रसायनतज्ज्ञाने. 1878 मध्ये ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी मेंढ्या, घोडे, कुत्री आणि डुकरे मरू लागली. सरोवरावर हिरव्या तैलरंगासारखी दाट साय आली होती. फ्रान्सिसने ती साय एका मेंढीला पाजली. ती मेंढी मेली, आणि मृत्यूचे कारण उघड झाले. आपल्या काळातील उदाहरण बोट्स्वाना देशातील आहे. तेथे 2020 मध्ये तीनशेहून अधिक हत्ती दगावले. पाणवठ्यांतील नीलहरित शेवाळाचे विष हे त्याचे कारण असल्याचे तेथील सरकारने जाहीर केले.

माणूसही यातून सुटत नाही. 1996 मध्ये ब्राझीलमधील कारुआरू या शहरात मूत्रपिंडाच्या रुग्णांवर उपचार करताना वापरलेल्या पाण्यातून हे विष त्यांच्या रक्तात गेले आणि पन्नासांहून अधिक रुग्ण मृत्यू पावले. ते पाणी एका जलाशयातून आलेले होते. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात. हे विष मात्र उकळूनही नाहीसे होत नाही, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

तलावातील पाणी तलावातच राहत नाही. या भागातील ओढे वर्धा आणि वैनगंगा या नद्यांना मिळतात. त्या दोघींच्या संगमातून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. अशा रीतीने नद्यांबरोबर नत्र-स्फुरदही समुद्रापर्यंत जातात. समुद्रातही सूक्ष्म जीवांचे बहर येतात. काही निसर्गक्रमाने येतात, तर काहींना माणसाने सोडलेली घाण बळ देते. कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात, त्यांसारखे शिंपले हे जीव गाळून खातात आणि त्यांचे विष अंगात साठवितात. शिंपल्याला बहुधा काही होत नाही. खाणाऱ्याचे मात्र ओठ बधिर होतात, अंग लुळे पडते आणि श्वास थांबू शकतो. 1793 मध्ये कप्तान व्हँकूव्हर याच्या सफरीतील एक खलाशी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर असे शिंपले खाऊन मरण पावला. 1983 मध्ये मंगळूरजवळही शिंपल्यांतून अशीच विषबाधा झाली.

मग उपाय कोणता? प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते. पण कोणते विषारी, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत परीक्षा करावी लागते. तोवर साय आलेल्या पाण्यात पोहू नये, ते पिऊ नये आणि गुरांनाही पाजू नये. खरा उपाय मात्र बहर येण्यापूर्वीचा आहे. चंद्रपूर शहरातील गोंडकालीन रामाळा तलावात सांडपाणी मिसळत राहिले आणि जलपर्णीने त्याचे पाणी झाकून टाकले. जलपर्णी म्हणजे शेवाळ नव्हे. परंतु दोघांचे अन्न एकच. 2021 मध्ये 'इको-प्रो' या संस्थेचे बंडू धोतरे यांनी तलावाच्या शुद्धीसाठी उपोषण केले आणि त्यानंतर तेथील गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले.

सांडपाणी तलावाबाहेर रोखणे, खत बेताने घालणे आणि गाळ वेळेवर काढणे, ही कामे अवघड नाहीत. पूर्वजांनी पाळ बांधून पाणी अडविले. आजच्या पिढीने त्या पाण्यात जाणारी घाण अडवावयाची आहे. पाण्याला जे द्यावे, तेच पाणी परत देते.

स्वाध्याय

1. 'मामा तलाव' हे नाव कसे रूढ झाले?
2. शेवाळाचा बहर येण्याची कारणे सांगा.
3. बहराच्या वेळी मासे पहाटे पृष्ठभागाशी का येतात?
4. 'नीलहरित शेवाळाला सरसकट दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल.' का, ते स्पष्ट करा.
5. वाक्यांत उपयोग करा : संपुष्टात येणे, ध्यानात ठेवणे, हाती घेणे.
6. आपल्या गावातील तलाव, नदी किंवा विहीर यांपैकी एकाचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.